बबनरावांच्या छातीवर अकरा पॉइंट चार

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. इथे लोक लिहितात ते मी वाचते... कुणाला घाटात बाई दिसली, कुणाच्या गाडीमागे कोण येऊन बसलं... आणि मनात म्हणते, बाबा रे, तुझी झोप झाली नसेल. आता लिहायची वेळ माझ्यावर आलीय आणि झोप माझीही झालेली नाही. तेव्हा तुम्हीही तेच म्हणाल. म्हणा. वाद घालायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही.

मी सुरेखा. घोडेगावात दोन खोल्या आणि पुढं पडवी असं घर आहे. आमचे हे चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा येतात. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो. आणि सध्या लेक शीतल बाळंतपणाला आलीय. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बाळ रात्रभर जागं, मी रात्रभर जागी, आणि सकाळी सातला ड्यूटी.

बाळंतिणीचं सगळं आत्यांच्या हातात. काढा, धुरी, शेक, तेल, मी मध्ये पडत नाही. आत्यांचा पहिला मुलगा असाच तान्हा असताना गेला. रात्री पाजून झोपवला तो सकाळी उठला नाही. सटवाईनं नेला, असं त्या अजून सांगतात आणि सांगताना आवाज एवढासा होतो. म्हणून बाळाची खोली त्या अशी बंद करतात की डासाला सुद्धा परवानगी काढून आत जावं लागेल. मी म्हणते करू दे, म्हाताऱ्या माणसाचा जीव आहे.

ड्यूटी म्हणजे घोडेगावहून जुन्नरच्या बाजूला जाताना रस्त्यापासून आत एक बायोगॅसचा प्लांट आहे. नाव सांगत नाही, नोकरी टिकवायचीय. मार्केटमधला सडका टोमॅटो, कांदा, कोंबडीखत असला सगळा माल एका खोल टाकीत पडतो आणि पुढे त्याचा गॅस होतो. वासाचं विचारू नका. तिथे मी सेफ्टी बघते. हेल्मेट घाला, पट्टा लावा, तंबाखू थुंका... दिवसभर तेच तेच बोलून तोंड दुखतं.

त्यातलं पहिलं काम म्हणजे डिटेक्टरची बंप टेस्ट. डिटेक्टर म्हणजे मुठीएवढं पिवळं यंत्र, छातीशी खिशाला चिमट्यानं अडकवायचं. हवेत ऑक्सिजन कमी झाला किंवा विषारी गॅस आला की ते कर्कश ओरडतं, थरथरतं, लाल दिवे लावतं. पण ते जिवंत आहे की नुसतं दिसायला चालू आहे, हे बघून कळत नाही. म्हणून रोज सकाळी प्रत्येक डिटेक्टरच्या तोंडावर टोपी बसवायची आणि छोट्या सिलेंडरमधून थोडा टेस्टचा गॅस सोडायचा. बोंबलला तर पास. गप्प बसला तर बाजूला. थोडक्यात, मी रोज सकाळी मुद्दाम खोटा अलार्म वाजवते, म्हणजे खरा वाजला तर त्याच्यावर भरवसा ठेवता येईल.

आहुप्याची एसटी आली की पहिली शिफ्ट जमते आणि माझ्या खिडकीशी रांग लागते. हसतात मेले. "ताई, द्या आमचा कौल." देवाला कौल लावतात ना... मूर्तीला दोन्ही बाजूंनी कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर काम करा, डावी पडली तर नको. तसं माझं यंत्र. हिरवा दिवा म्हणजे उजवा कौल. हे नाव ठेवलं बबनरावांनी.

बबनराव पिंपरी पेंढारचे. पन्नाशीचे, काटक, मिशा पांढऱ्या. वडील मेंढ्या घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. धाकटा भाऊ सखाराम अजून मेंढ्या राखतो आणि थोडी शेती करतो. बबनराव मात्र इकडे आले, प्लांटजवळच खोली करून राहिले. टाकीत उतरणाऱ्यांत त्यांच्याइतका शांत माणूस नाही. मला त्यांचा आधार वाटायचा, कारण बाकीचे मी पाठ वळवली की पट्टा काढतात. हे काढत नाहीत.

आता एक वेडेपणाही सांगते, नाहीतर नंतर तुम्हीच विचाराल. या दसऱ्याला मी सुट्टीवर होते. या लोकांनी खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा मांडली. पाने, पाइप, पंप, आणि त्यात माझे डिटेक्टर. प्रत्येकाच्या बरोबर तोंडावर, जिथून हवा आत जाते त्या जाळीवर, हळद-कुंकवाची बोटं. सुट्टीवरून आले तर बंप टेस्टला निम्मे मुके. मी कपाळाला हात लावला. बबनराव म्हणाले, "ताई, रोज जीव राखतंय, त्याला वरसातून एकदा कुकू लावलं तर काय बिघडलं?" काय बिघडलं! सगळे फिल्टर बदलून, परत कॅलिब्रेट करून, परत टेस्ट घेऊन ते ठीक झाले. म्हणजे पुढचं घडलं तेव्हा ते ठीक होते. हे लक्षात ठेवा.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली. त्या दिवशी टाकी रिकामी करून आत माणसं उतरवून गाळ काढायचा होता. सकाळी मी सगळ्या डिटेक्टरची बंप टेस्ट घेतली, सगळे पास. एकेकानं आपापला घेतला, अडकवला. बबनरावांनी अडकवला आणि तो ओरडायला लागला.

स्क्रीनवर ऑक्सिजन... अकरा पॉइंट चार.

मोकळ्या हवेत हा आकडा वीस पॉइंट नऊ असतो. साडेएकोणीसच्या खाली गेला की डिटेक्टर ओरडतो. अकरावर माणूस उभा राहत नाही, आडवा होतो. आणि बबनराव माझ्या खिडकीसमोर कोवळ्या उन्हात उभे, हातात चहाचा कप.

मी डिटेक्टर काढून घेतला. माझ्या हातात आला आणि गप्प झाला, वीस पॉइंट नऊ. पुन्हा टोपी लावून टेस्ट घेतली, पास. पुन्हा त्यांना दिला, पुन्हा बोंब. दुसरा दिला. तेच. कपाटातला नवा कोरा, खोक्याचं सील फोडून दिला. तेच, आणि आकडा पण तोच. मला वाटलं त्यांचा श्वास यंत्रावर जात असेल, कारण तोंडाची हवा थेट गेली तर आकडा खाली येतो. म्हणून त्यांना मान वळवायला लावली. शर्ट बदलायला लावला, तेल लावलंय का विचारलं, तंबाखू थुंकायला लावली. शेवटी ते म्हणाले, "आता कातडी काढून ठिवू काय, ताई?"

सगळे हसले. मी नाही हसले. मी म्हटलं, "बबनराव, तुम्ही आज उतरायचं नाही."

साहेब आले. बाहेर मालाच्या गाड्या उभ्या, टाकी त्याच दिवशी साफ व्हायला हवी होती. "मॅडम, नाचता येईना अंगण वाकडं. तुमचं यंत्र बिघडलंय एवढं सरळ सांगा ना." मी म्हटलं, "यंत्र बाकीच्यांना बरोबर दाखवतंय साहेब. आणि ज्याचा डिटेक्टर वाजतोय तो माणूस आत जात नाही. मला एवढा एकच नियम नीट येतो." बोलताना आवाज चढला असेल माझा. सकाळपासून उभीच होते.

बबनरावांना लागलं ते. "म्हंजी मलाच न्हाई म्हणतंय व्हय ते? एवढी वर्सं उतरतोय मी." मान खाली घालून गेले आणि गेटजवळ जाऊन बसले.

टाकीत काहीही झालं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल की आता टाकीत काहीतरी होणार. बाकीचे उतरले, गाळ काढला, आंघोळ करून वर भजी खाल्ली. एकाचाही डिटेक्टर चुकून पण वाजला नाही. संध्याकाळी साहेब माझ्याकडे बघत बघत गाडीत बसले.

पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. डिटेक्टर कंपनीकडे पाठवले, उत्तर आलं की काहीही दोष नाही. इकडे लोक बबनरावांपासून लांब बसायला लागले. कुणी म्हणे अंगात काही शिरलंय, कुणी म्हणे फुप्फुसं गेली. डॉक्टरला दाखवलं, फुप्फुसं उत्तम. एकानं आहुप्याच्या देवराईतल्या देवाला कौल लावायला सांगितला, तर हे तिकडेही जाऊन आले. खिडकीशी येऊन म्हणाले, "देवानं उजवा दिला. तुमचंच डावा देतंय."

"देवाचं कॅलिब्रेशन कुणी केलंय, बबनराव?" माझ्या तोंडून निघून गेलं. थकलेल्या माणसाच्या तोंडाला कुलूप नसतं. त्यांनी डिटेक्टर लावून बघितला, तो ओरडला. तो त्यांनी काढून शांतपणे माझ्यासमोर ठेवला, पिशवी उचलली आणि गावाला निघून गेले.

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. माणूस कामातून उठला होता आणि मी सांगू शकत नव्हते की का.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळीच त्यांचा फोन आला. मागं मेंढ्यांचा आवाज, कुणीतरी ओरडतंय. "ताई, सखा हिरीत उतरतोय. मी कासरा धरून बसलोय, सोडत न्हाई त्याला. तुमचं यंत्र घिऊन या."

झालं होतं असं की त्यांच्या रानात जुनी विहीर होती. बोअर घेतल्यापासून ती तशीच पडलेली. आत काटक्या, पाला, लेंड्या, सगळं कुजलेलं. यंदा बोअरचं पाणी कमी झालं म्हणून सखारामनं विहीर उपसून गाळ काढायचं ठरवलं. बिबट्यामुळे काम दिवसाच उरकायचं, म्हणून सकाळीच कमरेला कासरा बांधून तो काठावर तयार. आणि बबनराव, जे एरवी प्लांटवर असते, ते माझ्यामुळे घरी होते. ते आडवे आले.

आळेफाट्याला कांद्याचा कचरा आणायला आमचा टेंपो निघालाच होता. मी डिटेक्टर घेऊन त्यात बसले. परवानगी वगैरे विचारली नाही, विचारली असती तर अजून टेबलापाशीच उभी असते.

रानात पोचले तर दोघं भाऊ विहिरीच्या काठावर. सखाराम चिडलेला. "पावणं, गाळ काढायला यंत्र लागतंय व्हय? आमचं बापजादं काय यंत्र लावून उतरत व्हतं?" बबनराव कासऱ्याला दोन्ही हातांनी धरून, पाय काठाच्या दगडाला टेकवून बसले होते. काय तोंड झालं होतं त्यांचं. म्हणाले, "ताई, ह्याला सांगा."

मी आधी डिटेक्टर त्यांच्याच खिशाला लावला. का लावला माहीत नाही, सवय. गप्प. वीस पॉइंट नऊ. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मग त्याला दोरी बांधून विहिरीत सोडला. निम्म्यात गेला आणि खालून ओरडायला लागला. विहिरीत आवाज घुमतो, मेंढ्या बिचकून बाजूला पळाल्या. तळाजवळ थोडा वेळ ठेवून वर ओढला. खाली सगळ्यात कमी आकडा कोणता लागला, तो बटण दाबलं की परत दिसतो. मी दाबलं.

अकरा पॉइंट चार.

सखाराम माझ्या खांद्यावरून बघत होता, त्याला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. बबनरावांना कळलं. त्यांनी हातातला कासरा सोडला नाही, तसेच भावाला जवळ ओढून खाली बसले आणि रडले. सखाराम म्हणत होता, "आरं काय झालं? मी हितंच हाय की."

त्या दिवसापासून त्यांच्या अंगावर डिटेक्टर कधी वाजला नाही. कामावर परत आले. आम्ही दोघं या विषयावर बोललो नाही, पण रोज खिडकीशी चिमटा लावला की ते एक क्षण थांबायचे आणि मी पण थांबायचे. मग हिरवा दिवा, मग चहा. मी मनाची समजूत घातली होती. सेन्सरवर दमटपणा, बॅटरी, योगायोग. समजूत घालायला काही लागत नाही, फक्त थोडी झोप लागते.

आता गेल्या आठवड्यातलं. माघातली थंडी, बाळाला अजून सव्वा महिना व्हायचाय. आदल्या रात्री बाळ रडून रडून बेजार झालं, मग पहाटे एकदाचं झोपलं. मी त्याच तारेत ड्यूटीवर गेले. बंप टेस्ट घेतली, सगळे पास. सगळ्यांना वाटून दिले आणि राऊंडला जायला एक माझ्या खिशाला लावला.

तो ओरडायला लागला.

ऑक्सिजन बरोबर होता. वाजत होतं कार्बन मोनॉक्साइड, धुराच्या पोटातला तो बिनवासाचा गॅस. एकशे साठ. मोकळ्या हवेत हा आकडा शून्य असतो. मी काढून टेबलावर ठेवला, शून्य. दुसरा लावला, एकशे साठ. मी तिसरा उचलत होते. बबनरावांनी माझ्या हातातून तो काढून घेतला.

"घरी चला," म्हणाले. "काय बगू नका आता. घरी चला."

त्यांनी मोटरसायकल काढली. रस्ताभर तो माझ्या छातीवर ओरडत होता, भर वाऱ्यात, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं. लोक वळून बघत होते. माझ्या डोक्यात एकच, गीझर. शीतल आंघोळीला गेली असेल आणि बाथरूममध्ये गॅसचा गीझर चालू असेल. मी फोन लावत होते, कुणी उचलत नव्हतं.

घराच्या पायरीवर पाय ठेवला आणि तो गप्प झाला. शून्य. बाथरूम उघडं, कोरडं, गीझर बंद. आत्या पडवीत बसून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. "लवकर आलीस गं?" म्हणाल्या. मला वाटलं, संपलं... वेड लागलंय मला, बाकी काही नाही. तिथेच बसणार होते मी.

मग म्हटलं बाळाला तरी बघावं. बाळंतिणीच्या खोलीचं दार ढकललं, तर खालच्या फटीत कांबळं कोंबलेलं, दार लवकर उघडेना. जोर लावून उघडलं आणि डिटेक्टर परत ओरडला.

खिडकीला आतून गोधडी. बाजेखाली शेगडी, निखारे लालभडक, शेकासाठी. शीतल उशीवर पडलेली, एवढ्या कर्कश आवाजातही डोळे पूर्ण उघडेनात तिला. "मम्मी, डोकं लई जड झालंय... बाळ सकाळपासून अंगावर पीतच नाहीये." स्क्रीनवर एकशे साठ.

मी बाळाला उचललं आणि अंगणात आले. बबनरावांनी शीतलला आधार देऊन बाहेर आणलं. बाळ मऊ पडलं होतं, मान टाकत होतं. मी त्याच्या तळव्यांना टिचक्या मारत होते आणि काय बोलत होते ते मला आठवत नाही. मग ते रडलं. रात्रभर ज्या आवाजाला कंटाळले होते तो आवाज. दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. बरे आहेत. आत्ता हे लिहितेय तर बाळ पडवीत झोपलंय, सगळी दारं सताड उघडी.

शेगडी त्या खोलीत रोज जात होती आणि मला ते माहीत होतं. जगाला सांगत फिरते, बंद जागेत आधी हवा बघा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

यंत्रातलं कुणाला कळत असेल तर सांगा. फक्त "सेन्सर खराब असेल" हे नको, ते उत्तर मी स्वतःला देऊन देऊन झिजवलंय. जिथे गॅस नाही तिथे, ज्याच्या घरावर येणार आहे त्याच्या अंगावर, आधीच आकडा दाखवणारा सेन्सर कोण बनवतं? मला उत्तर नकोय असंही आता वाटतं. उद्या सकाळी परत बंप टेस्ट घ्यायचीय, तेवढं बळ पुरे.

एकच राहिलं. दवाखान्यातून आलो त्या दिवशी आत्यांनी शेगडी उचलून परसात नेली, स्वतः पाणी ओतलं आणि पालथी घातली. माझ्याशी भांडतील असं वाटलं होतं, आम्ही बाळंतपणं अशीच काढली म्हणतील. उलट संध्याकाळी मी भाकरी करत होते तेव्हा शेजारी येऊन बसल्या.

"सुरेखा, त्या गॅसला वास नसतो म्हणालीस ना?"

"नाही."

"माणूस झोपंतच जातं?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. "हो."

मग म्हणाल्या, "माझा पयला पोरगा गेला, तवा बी बाजंखाली शेगडी व्हती गं. मीच भरली व्हती."

साठ वर्षं होत आली असतील त्याला. आता कुठल्या खोलीत कुठलं यंत्र लावून बघणार?

"नाही आत्या," मी म्हटलं. "ते वेगळं होतं. तो सटवाईनंच नेला."

त्यांनी मान हलवली आणि उठून बाळाजवळ जाऊन बसल्या.